तांबडीचा पाय आणि पिवळा बलक

प्रिय वसंता,

तुझ्या कोंबडीच्या पायाचा फोटो पाहिला. तळव्याच्या मधोमध ती काळी खपली आहे ना, दुखणं तिथंच आहे. आमच्या तांबडीलाही अस्संच झालं होतं. पाय टेकवेना. एका पायावर उभी राहून बाकीच्या दाणे टिपताना नुसती बघत बसायची. काटा मोडला असेल म्हणून मी शहाणपणा करून चिमट्याने खपली ओढली. रक्त आलं, पू टिपूसभरही नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाय दुप्पट सुजला. तू हा उद्योग करू नकोस. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, वाळल्या मेणासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. तो दाबून निघत नाही, काढायचा तर डॉक्टरांनीच.

नुसती लाली असेल तर पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडव, कोरडा पुस, पोविडोन आयोडीन लावून गॉझची पट्टी बांध आणि ती रोज बदल. आवळू नकोस, बोटं गार लागली तर लगेच सोड. हातमोजे मात्र घालच. हा बहुतेकदा स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असतो, आपल्या हातावरच्या खरचट्यातूनही शिरतो.

अँटिबायोटिक लागलंच, तर अंड्यांचं काय, हे तू विचारलंस ते बरं केलंस. मला वाटायचं, अंडं दिवसभरात तयार होतं, म्हणजे औषध थांबवलं की दोन दिवसांत सगळं साफ. पण दिवसभरात होतं ते पांढरं आणि कवच. बलक त्याआधी आठ-दहा दिवस भरत असतो, आणि पोटात एका वेळी लहानमोठे कितीतरी बलक रांगेत असतात. आज पाजलेलं औषध पुढच्या आठवड्यातल्या अंड्यात उतरू शकतं. उकडल्याने ते जाईलच, हा भरवसा नाही. काही औषधं तर अंडी घालणाऱ्या कोंबडीला द्यायचीच नसतात. म्हणून 'ही अंडी घालते आणि ती आम्ही खातो' हे डॉक्टरांना आधीच सांग, आणि शेवटच्या डोसनंतर किती दिवस थांबायचं ते लिहून घे. घरातली उरलेली गोळी अंदाजाने देऊ नकोस.

तोवर तिला वेगळी ठेव, म्हणजे कुठलं अंडं तिचं हा घोळ होणार नाही. ती अंडी टाकून दे, इतर कोंबड्यांनाही घालू नकोस. मला जिवावर आलं होतं, पण टाकली.

आणि हो, खुराड्यातली बसायची दांडी किती उंच आहे ते कळव. आमची छातीएवढी होती, रोज पहाटे तांबडी तिथून धाडकन खाली उडी मारायची.

तुझा,
दिनू