फुकटचं ॲप पेड करायचं म्हणतोस, पण...

प्रिय बंड्या,

काल फोनवर अर्धवटच राहिलं, पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरली की तुझा आवाज जातोच. म्हणून लिहितोय.

तू म्हणालास सोसायट्यांच्या मेंटेनन्सच्या पावत्यांचं आपलं ॲप सरळ 199 ला लाव, गुगलच्या कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप सांभाळायच्या पानावर, किंमत टाकायची, विषय संपला. अरे तसं होत नाही ना! गुगल प्लेवर एकदा का ॲप फुकट म्हणून आलं की ते पेड करताच येत नाही. पेडचं फुकट करता येतं, पण एकदा केलं की परतीचा रस्ता बंद. पेडच हवं असेल तर नवीन पॅकेज नावाने (ज्यावरून प्ले ॲप ओळखतं ते नाव) दुसरं ॲप टाका, म्हणजे डाउनलोड शून्य, रेटिंग शून्य, आणि नौपाड्यातल्या सेक्रेटरी काकूंनी एवढा कौतुकाचा रिव्ह्यू लिहिलाय तो जुन्याच ॲपखाली पडून राहणार. शिवाय आपला सगळा हिशोब फोनमध्येच असतो आणि अँड्रॉइड एका ॲपच्या खासगी फायलींना दुसऱ्याला हात लावू देत नाही, त्यामुळे प्रत्येकाला आधी बॅकअप काढा मग नव्यात घाला हे शिकवत बसायचं. घोडबंदरच्या खजिनदार काकांना नुसतं पीडीएफ व्हॉट्सॲपवर कसं पाठवायचं हे सांगताना माझा अख्खा रविवार गेलाय!

ॲपलकडे फुकटवरून पेड करता येतं, ज्यांनी आधी घेतलंय त्यांना फुकटच परत उतरवता येतं. पण तिथे दरवर्षी 99 डॉलर भरा, गुगलसारखे एकदाच 25 नाहीत. सध्या नको.

म्हणून माझं ठरलंय, ॲप फुकटच राहू दे, पैसे आतल्या खरेदीतून. तू पावतीलाच कुलूप लावायचं म्हणतोस ते मला अजिबात पटत नाही. लोक आजवर जे फुकट वापरतायत तेच काढून घेऊन परत विकलं तर एक स्टार पडणारच, मीपण दिला असता. पावत्या, थकबाकीची यादी, आहे तसंच. ऑडिटसाठी वर्षाचा रिपोर्ट आपोआप निघणं हे नवीन, त्याचे घे पैसे, मार्च संपला की खजिनदार लोक त्या कागदांसाठी कसे धावतात ते तू पाहिलंयस. 199 मधून गुगलचे 15 टक्के गेले की 169 आणि वर काही पैसे उरतात, टॅक्स वेगळा. वर्षाला 10 लाख डॉलरच्या वर गेलो तर वरच्या कमाईवर जास्त टक्के, तेवढी काळजी तू करू नकोस.

खरी गोची पुढेच आहे. खरेदी चिकटते ती विकत घेणाऱ्याच्या गुगल अकाउंटला. काकांनी स्वतःच्या जीमेलवरून पैसे भरले आणि सोसायटीच्या निवडणुकीत कमिटी बदलली, की नव्या खजिनदाराच्या फोनवर परत कुलूप, आणि फोन मला येणार. सोसायटीच्या नावाने वेगळा जीमेल काढायला सांगायचं की आपणच सर्व्हरवर सोसायटीनिहाय नोंद ठेवायची? सर्व्हर म्हटला की दर महिन्याचं बिल आलं, म्हणून मी पहिल्याच्या बाजूने आहे, पण लोक पासवर्ड विसरतात रे.

शनिवारी तलावपाळीला ये, लॅपटॉप घेऊन. बिलिंगचा कोड तू लिही, काकांना मी समजावतो.

तुझाच,
पक्या