कंपवात आणि ‘पॉवरहाउस’ची अर्धवट माहिती

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत कंपवातावर (पार्किन्सन आजारावर) आलेल्या लेखात मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या तंतुकणिकांचा, उल्लेख ‘पेशीचे पॉवरहाउस’ एवढ्या दोन शब्दांत आटोपला आहे. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना मीही वर्षानुवर्षे फळ्यावर हेच लिहीत आले, त्यामुळे लेखकाला दोष देण्याचा हेतू नाही. परंतु एवढ्याच माहितीच्या बळावर आमच्या घरात काय घडले, ते कळवल्यावाचून राहवत नाही.

माझे थोरले बंधू सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या यंत्रमागावर काम करीत. तुटलेल्या धाग्याला ते नजर दुसऱ्या मागावर ठेवूनही गाठ मारीत. काही वर्षांपूर्वी ती गाठ जमेनाशी झाली, आणि पुढे हात मांडीवर नुसता ठेवला तरी अंगठा व तर्जनी सूत वळावे तशी एकमेकांवर घासत राहू लागली. निदान कंपवाताचे झाले, लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दादा पुन्हा आपल्या हाताने भाकरी मोडून खाऊ लागले. गेल्या वर्षी एका विक्रेत्याने त्यांना पटवले की मेंदूतली पॉवरहाउस बंद पडल्यामुळे हा आजार होतो, ही पावडर ती पुन्हा सुरू करते, तेव्हा गोळ्यांची आता गरज नाही. दादांनी कोणाला न सांगता गोळ्या थांबवल्या. चौथ्या दिवशी त्यांना कूस बदलता येईना, पाण्याच्या घोटालाही ठसका लागू लागला आणि रुग्णालयात दाखल करावे लागले.

विक्रेत्याच्या बोलण्यातला पहिला भाग खोटा नव्हता, आणि दादा फसले ते त्यामुळेच. 1982 साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसे अचानक ताठरून, जवळजवळ पुतळ्यासारखी होऊन डॉक्टरांपुढे आली. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट अमली पदार्थात एमपीटीपी नावाची भेसळ होती. या रसायनापासून मेंदूत तयार होणारे विष डोपामाइन, म्हणजे हालचालींवर नियंत्रण ठेवायला लागणारे रसायन, बनवणाऱ्या चेतापेशींत शिरते आणि तंतुकणिकांतील ऊर्जानिर्मितीच्या साखळीची पहिली कडी, ‘कॉम्प्लेक्स वन’, अडवते. पुढे 1989 साली, असे कोणतेही विष न घेतलेल्या कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतही हीच कडी दुबळी झाल्याचे मृत्यूनंतरच्या तपासणीत आढळले. रोटेनोन हे कीटकनाशक याच कडीवर घाव घालते, तर पॅराक्वाट हे तणनाशक पेशीत मुक्त मूलकांचा, म्हणजे पेशीला इजा करणाऱ्या अतिक्रियाशील कणांचा, भडिमार करते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात यांपैकी कोणतेही रसायन हाताळलेल्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीच पट दिसले. द्राक्ष आणि डाळिंबाच्या आपल्या जिल्ह्यात पाठीवर पंप घेऊन उघड्या तोंडाने फवारणी करणाऱ्यांपर्यंत ही गोष्ट पोहोचायला हवी.

मात्र इथून पुढचे कोणी सांगत नाही. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण विसावलेल्या शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. त्यातही मध्यमेंदूच्या काळसर भागातील, डोपामाइन बनवणाऱ्या या पेशी सतत स्पंदत असतात आणि एकेका पेशीच्या शाखा लाखो ठिकाणी जोडलेल्या असतात. अशा पेशीत तंतुकणिका बिघडली की वीज कमी पडते एवढेच होत नाही. बिघडलेली तंतुकणिका मुक्त मूलके ओकू लागते, कॅल्शियमचा तोल सांभाळेनाशी होते आणि अखेरीस तिच्यातून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडले की पेशी स्वतःचाच अंत घडवणारी यंत्रणा सुरू करते. निरोगी पेशीत पिंक-वन आणि पार्किन ही प्रथिने, कारखान्यात मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरने नादुरुस्त मागावर खूण करून तो मोडीत काढायला लावावा तशी, खराब तंतुकणिका हुडकून नष्ट करवतात. या दोन प्रथिनांच्या जनुकांत दोष असलेल्या काहींना ऐन तारुण्यात कंपवात होतो. त्याशिवाय अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या तंतुकणिकांना इजा करतात आणि इजा झालेल्या तंतुकणिकांमुळे गुठळ्या वाढतात, असे हे दुष्टचक्र आहे. त्यात मेलेल्या पेशींची जागा घ्यायला नव्या पेशी तयार होत नाहीत.

म्हणूनच वरून ‘इंधन’ ओतून हा आजार थांबलेला नाही. कोएन्झाइम क्यू-टेन हा त्या ऊर्जासाखळीतलाच दुवा असल्याने त्यावर आशा ठेवणे गैर नव्हते. पण 600 रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत रोज 1200 आणि 2400 मिलिग्रॅम देऊनही उपयोग दिसला नाही, आणि 2014 साली तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. क्रिएटिन या ऊर्जापूरक पदार्थाची चाचणी 1700हून अधिक रुग्णांवर झाली, तीही निष्फळ ठरली. लेव्होडोपाही पेशींचे मरण रोखत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु कमी पडलेले डोपामाइन ती भरून काढते, आणि दादांच्या हातात भाकरीचा तुकडा तिच्यामुळेच टिकतो.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या पुरवणीत ठळक चौकटीत छापावे: कंपवाताच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत, कारण त्या अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकते. तसेच ‘मायटोकॉन्ड्रिया सक्रिय करणाऱ्या’ उत्पादनांच्या जाहिराती स्वीकारण्यापूर्वी आपल्या जाहिरात विभागाने त्या एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवाव्यात.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सोलापूर