फोटो आधी स्वतःच्या वेबसाइटवर ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव जवळ आला की मुंबईतली मंडळं आपापल्या वेबसाइट नव्याने सजवायला घेतात. मी नायगावच्या बीडीडी चाळीतल्या (ब्रिटिश काळात बांधलेल्या सरकारी चाळी) एका वाचनालयाची वेबसाइट सांभाळते, त्यामुळे आसपासचे कार्यकर्ते येऊन सांगतात, "ताई, आमच्या साइटवर इन्स्टाग्राम लावून द्या, फोटो आपोआप येतील." असं फीड, म्हणजे इन्स्टाग्रामचे फोटो साइटवर दाखवणारी पट्टी, जरूर लावा. पण मंडळाचे फोटो फक्त त्याच्या भरवशावर ठेवू नका, एवढं मला कळकळीने सांगायचं आहे.

फीडमध्ये दिसणारा मूळ फोटो आपल्या होस्टिंगवर, म्हणजे साइटच्या फाइली जिथे राहतात त्या जागेत, नसतो. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं प्लगइन (छोटा जोड-प्रोग्राम) इन्स्टाग्रामला एक टोकन, म्हणजे परवानगीचा डिजिटल पास, दाखवतं, तिथून फोटो मागवतं आणि आपल्या पानावर मांडतं. हे टोकन ६० दिवसांचं असतं. प्लगइन ते मुदतीआधी वाढवून घेतं खरं, पण कुणी पासवर्ड बदलला की जोडणी तुटू शकते. मंडळांत हे अकाउंट बहुधा कॉलेजातल्या एखाद्या मुलाच्या मोबाइलवर असतं. तो नोकरीसाठी पुण्याला गेला की पासवर्ड कुणाकडे, इथपासून शोधाशोध.

शिवाय नियम बदलत राहतात. ऑक्टोबर २०२० पर्यंत वर्डप्रेसमध्ये इन्स्टाग्रामची लिंक नुसती पेस्ट केली तरी फोटो दिसायचा. त्यानंतर त्यालाही टोकन सक्तीचं झालं आणि वर्डप्रेसने ती सोयच काढून टाकली. ४ डिसेंबर २०२४ पासून साध्या, वैयक्तिक अकाउंटचं फीड साइटला जोडण्याचा अधिकृत मार्ग बंद झाला; आता अकाउंट 'बिझनेस' किंवा 'क्रिएटर' प्रकारचं लागतं. हा बदल सेटिंगमध्ये फुकट करता येतो, तेव्हा फीड हवं असेल त्यांनी तो आधी करून घ्यावा. नियम ठरवणं हा कंपनीचा अधिकार आहे. आपल्या उत्सवाचा दस्तऐवज सांभाळणं मात्र आपल्याच हातात हवं.

आमच्या भागात तर फोटो जपायचं हे काम थांबण्यासारखं नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बीडीडीच्या २०७ चाळी होत्या, त्यातल्या ४२ एकट्या नायगावात. पुनर्विकासामुळे १६० चौरस फुटांच्या खोल्यांतली कुटुंबं पांगली. कुणी संक्रमण शिबिरात, कुणी भाडं घेऊन लांब उपनगरात. एका आजींनी खोली सोडताना ट्रंकेतला एक फोटो आम्हाला दिला. चाळींमधल्या मैदानात लेझीम पथक, मागे खिडक्यांच्या गजांवर वाळत घातलेले कपडे, कडेला झबलं घातलेलं एक पोर. पाठीमागे पेन्सिलीने लिहिलंय, 'गिरणी चालू होती तेव्हा'. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, म्हणजे फोटो बहुधा त्याच्या आधीचा. आम्ही दोन्ही बाजू स्कॅन करून पूर्ण आकारात साइटवर ठेवल्या. खाली चाळ क्रमांक, अंदाजे काळ, फोटो कुणाकडून आला आणि ओळखू आलेली नावं लिहिली. पुढे कांदिवलीहून एका काकांनी कळवलं की डावीकडून तिसरा त्यांचा थोरला भाऊ. तेही जोडलं.

हाच फोटो इन्स्टाग्रामवर गेला की रुंदी साधारण १०८० पिक्सेलवर येते, पेन्सिलीची अक्षरं पुसट होतात, आणि आगमनाचे नवे फोटो चढले की तो पार खाली जातो. चाळ क्रमांक किंवा साल टाकून फीडमध्ये तो शोधायचा कसा?

आम्ही इन्स्टाग्राम नोटीस बोर्डासारखं वापरतो. मूळ फाइल हार्ड डिस्कवर, तिची प्रत साइटच्या मीडिया लायब्ररीत, आणि मगच निवडक फोटो इन्स्टाग्रामवर. साइटच्या पहिल्या पानावर फीडचे मोजके ताजे फोटो दिसतात. ते उद्या दिसेनासे झाले तरी संग्रहातला एकही फोटो जाणार नाही.

साइट बाहेरून करून घेणाऱ्या मंडळांनी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग मंडळाच्या नावावर, आणि फोटो त्याच होस्टिंगवर. ज्यांचे फोटो आजवर फक्त इन्स्टाग्रामवरच आहेत, त्यांनी अकाउंट्स सेंटरमधून आपली सगळी माहिती डाउनलोड करून ठेवावी. कार्यकर्त्यांच्या मोबाइलमध्ये मूळ फोटो असतील तर ते अधिक चांगले. मोबाइल बदलायच्या आत ते मागून घ्या.

नायगाव-परळमधल्या ज्या मंडळांना यासाठी मदत हवी असेल, त्यांनी संध्याकाळी वाचनालयात जुने फोटो घेऊन यावं. आमच्याकडे स्कॅनर आहे, आणि फाइलींना नावं कशी द्यायची तेही दाखवू.

आपली,
वाचनालयाची एक कार्यकर्ती, नायगाव, मुंबई