ताई, पिरुएत म्हणजे काय ते सांगते

पॅरिस

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

तुझी भाची हल्ली येता-जाता 'पिरुएत, पिरुएत' करत असते, ते काय असतं असं विचारलं होतंस. पिरुएत म्हणजे टाच उचलून एका पायावर घेतलेली पूर्ण गिरकी. जुन्या फ्रेंचमध्ये भोवऱ्याला हा शब्द होता, तिथून तो नाचात आला. चौदाव्या लुई राजानं १६६१ साली इथे नृत्याची अकादमी काढली आणि बॅलेला शिस्त लागली. म्हणून जगात कुठेही बॅले शिका, शब्द फ्रेंचच.

लेकीच्या बॅलेच्या क्लासच्या दाराला काच आहे, तिथून मी बघत उभी राहते. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकवायचे. मग जमिनीला रेटा देऊन उठायचं आणि मागच्या पायाची बोटं पुढच्या गुडघ्याशी आणायची. पण खरी मेख मानेत आहे! नजर समोरच्या भिंतीवर एका जागी रोवलेली असते. अंग वळतं, मान मागेच राहते, आणि अगदी शेवटी झटक्यात फिरून अंगाच्या आधी ती जागा पुन्हा गाठते. त्यामुळे घेरी येत नाही. तुझ्या कथकच्या चक्करांतही नजर अशीच धरतात ना? फक्त तुम्ही टाचेवर फिरता.

मला मात्र वेड लावलंय ते फुएतेनं. फुएते म्हणजे चाबकासारखा फटकारलेला. यात मोकळा पाय दर फेरीला बाजूला उघडतो आणि सपकन गुडघ्याशी येतो. त्याच वेळी उभ्या पायाची टाच क्षणभर टेकते, जमिनीकडून नवा जोर घेते आणि पुन्हा उचलते. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेनं १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला 'स्वान लेक' या बॅलेमध्ये अशा ओळीनं ३२ फेऱ्या घेतल्या. तेव्हापासून त्यातल्या ओडीलचं, म्हणजे राजपुत्राला फसवणाऱ्या काळ्या हंसिणीचं काम करणारीकडून लोक त्या बत्तीसची वाटच बघतात. काही जण याला नुसती कसरत म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ओडील तिथे राजपुत्राला भुलवत असते, आणि तो भुलणार हे त्या फेऱ्या बघताना आपल्यालाही कळतं.

दिवाळीत आम्ही येतोय. तेव्हा तिला एखादा चक्करांचा तुकडा शिकव, समेवर नेमकं थांबायला तुझ्याकडूनच शिकू दे. घुंगरू तिच्या मापाचे मिळतात का तेही बघून ठेव.

आई-बाबांना, भावजींना नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी