पंत, पोस्टरवरची ती सिगारेट आधी काढ

नागपूर, ४ मे

प्रिय पंत,

तुझा निरोप मिळाला, पोस्टर पाहिलं, सोबतचं पत्रक आणि पथनाट्याचा बेतही पाहिला. ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाला तुमच्या कंपनीला नागपुरातल्या बांधकाम मजुरांसाठी काही करायचं आहे आणि त्यासाठी तुला साइट सांभाळणारा मी आठवलो, बरं वाटलं. पण पोस्टरवर एवढी मोठी जळती सिगारेट कोणी टाकली बे? आमच्या साइटवर सिगारेट ओढतो तो फक्त आर्किटेक्ट. मिस्त्री, कुली, रेजा (बाया मजूर), सेंट्रिंगवाले पोट्टे, यांचं जे काही आहे ते गालात आहे. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. तुझं पोस्टर पाहून आमचा माणूस खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पिंक टाकेल आणि म्हणेल, "बरोबर आहे भाऊ, सिगारेट वाईटच."

तुझ्या पुण्याच्या मंडळींना खर्रा म्हणजे काय ते आधी नीट सांग, नाहीतर ते 'गुटखा सोडा' असं छापून मोकळे होतील. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही नंतर बंदीत आल्या. खर्रा मात्र पानठेल्यावर, गिऱ्हाइकासमोर तयार होतो. सुपारीचा चुरा, आपल्या पसंतीची तंबाखू आणि चुना, हे सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घ्यायचं आणि घोट घोट घोटायचं. सुपारी ओलसर होऊन सगळं एकजीव झालं की पुडी हातात. कारखाना नाही की छापील पाकीट नाही. त्यामुळे तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत जे भयानक तोंडाचं चित्र छापावं लागतं, तेही नाही. साधी पारदर्शक पन्नी. खाणाऱ्याला इशारा म्हणून काही दिसतच नाही.

आणि यात दोन वेगळी विषं आहेत हे तुमच्या पत्रकात यायलाच हवं. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या कातडीतून झटकन रक्तात उतरतं. पण सुपारी त्याहून लबाड. "मी तंबाखू नाही खात साहेब, नुसती सुपारी खातो," असं छाती काढून सांगणारे आमच्याकडे बरेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. गाल आतून ताठ होतात, तोंड उघडेनासं होतं, त्याच्या मुळाशी ही सुपारीच.

आता मुद्द्याचं. मजूर खर्रा का खातात, या प्रश्नापुढे तू 'जागृतीचा अभाव' असं लिहिलं आहेस. ते खोड. जागृती भरपूर आहे. कॅन्सर होतो हे आमच्या चौकीदाराच्या पोराला पण माहीत आहे. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलच्या चकरा मारलेला कोणीतरी नातेवाईक बहुतेकांच्या ओळखीत निघतो. अभाव आहे तो सुटीचा.

विचित्र वाटेल, पण साइटवर दोन तास उभं राहून बघ. रेजा घमेलं खाली ठेवून भिंतीला टेकली की मुकादम तिथून ओरडतो, "काहून बसली गं?" तीच बाई कमरेची पुडी सोडून चिमूट तोंडात टाकत असली तर ओरडत नाही, जवळ येऊन स्वतःचा तळहात पुढे करतो. रिकामं बसणं म्हणजे कामचोरी, खर्रा खायला बसणं म्हणजे रीत. पाच मिनिटं कंबर सरळ करायला मिळण्याचं हे एकच मान्य कारण आहे. पाणी प्यायलासुद्धा इतका वेळ देत नाहीत, कारण पाणी उभ्या उभ्या पिता येतं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला बालाघाटकडचा एक नवा पोट्टा आला होता कुली म्हणून. काहीच खायचा नाही. बाकीचे खर्र्याला बसले की हा एकटा उभा राहायचा. उभा दिसला की मिस्त्री त्यालाच पिटाळायचा, जा पाणी आण, जा विटा सरकव. दिवाळीपर्यंत त्याच्याही खिशात पुडी आली. कोणी आग्रह केला नाही, कोणी चिडवलंही नाही. बसायला मिळावं म्हणून त्याने ती घेतली, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या पथनाट्यात तो नेहमीचा वाईट संगतीचा मित्र दाखवणार असाल तर या पोराला काय सांगशील?

भुकेचंही तसंच. हे लोक सकाळी भात आणि टमाट्याची चटणी खाऊन आठला कामावर येतात, डबा उघडतो एक वाजता. मधे पोटात आग पडते, आणि निकोटीन भूक मारतं. त्यात आपलं ऊन. ४५ अंशांत स्लॅबवर लोखंड बांधणाऱ्याच्या तोंडाला कोरड पडते, आणि तोंडात काही धरलं की लाळ सुटते. एका सेंट्रिंगवाल्याने मला सरळ सांगितलं, "तोंडात काही नसलं त हातच चालत नाही साहेब." खर्रा तोंडात असला की सिमेंटची धूळ छातीत जात नाही, हाही समज पक्का आहे. धूळ नाकातून जाते, खर्रा तिला कुठे अडवणार? पण हे पत्रकात लिहिण्यापेक्षा मास्क दे. चांगला, धुता येईल असा.

पैशाचं गणित ठेकेदाराच्या वहीत सापडतं. एक पुडी वीस-तीस रुपयांची. दिवसाला चार-पाच झाल्या तर ऐंशी ते दीडशे गेले, आणि रेजेची हाजरी, म्हणजे दिवसाची मजुरी, ती काय असते ते तुला माहीत आहे. पानठेलेवाला साइटच्या फाटकाशीच उभा असतो, उधारी लिहितो, आणि बाजाराच्या दिवशी खर्ची (आठवड्याच्या खर्चाचे पैसे) वाटताना मुकादम ती उधारी कापून उरलेले हातावर ठेवतो. काही ठिकाणी तर स्लॅबच्या दिवशी ठेकेदार स्वतःच सगळ्यांना खर्रा वाटतो. काम रात्रीपर्यंत खेचायचं असतं ना! जेवण देण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आमच्याकडे टाइल्सचा एक मिस्त्री आहे, हात असा की जोडावरून नाणं फिरवलं तरी अडकणार नाही. लेव्हल काढायला तो अजून पाण्याची पारदर्शक नळीच वापरतो, लेझर त्याला आवडत नाही. ती नळी भरायला एका टोकाने तोंडाने पाणी ओढावं लागतं. अलीकडे तो नळी कुलीच्या हातात द्यायला लागला. मला वाटलं, मिस्त्रीचा रुबाब. मग एकदा जेवताना त्याच्यासमोर बसलो. पोळीची बारीक सुरळी करून तो ती ओठांच्या फटीतून आत सरकवत होता. भाजीतलं तिखट त्याने पाण्याने धुतलं होतं. हा माणूस एकेकाळी खर्ची मिळाली की सावजीच्या भोजनालयात जाऊन रस्सा ओरपायचा! तोंड उघडायला सांगितलं तर दोन बोटं उभी जाईनात. चांगल्या तोंडात तीन जातात, तू आत्ता स्वतः करून बघ.

मेडिकल चौकातल्या सरकारी दंत महाविद्यालयात दाखव, असं त्याला आधीही कोणीतरी सांगितलं होतं. पण ओपीडी सकाळची. गेला की त्या दिवशीची हाजरी बुडाली, तपासणीला पुन्हा बोलावलं की दुसरी बुडाली. शेवटी मी त्याची हाजरी लावून त्याला पाठवला. डॉक्टरांनी सांगितलं, तंबाखू आणि सुपारी दोन्ही बंद, आणि आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा दातांत धरून रोज व्यायाम, हळूहळू एकेक काडी वाढवायची. गाल पूर्वीसारखे मऊ होणार नाहीत हेही सांगितलं. यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो म्हणून अधूनमधून दाखवत राहायचं. आता तो दुपारी जेवण झालं की काड्या तोंडात धरून बसतो आणि पोट्टे हसतात. हसू देत. पुडी त्याने टाकली आहे, निदान माझ्यासमोर तरी.

रेजांसाठी तुमच्या पत्रकात एक ओळही नाही. आपल्याकडे छत्तीसगडच्या बायका मोठ्या संख्येने येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी गुडाखू लावतात. गुळाच्या मळीत कालवलेली तंबाखू, छोट्या डबीत मिळते. सकाळी दातांना घासतात, मग दुपारी, मग रात्री. त्यांच्या लेखी ती दात साफ करायची वस्तू आहे, त्यामुळे "तंबाखू खाता का?" विचारलं की "नाही" असंच उत्तर येतं, आणि खोटं नसतं ते त्यांच्या मते. विचारताना "दातांना काय लावता?" असं विचारायचं. पोटुशी बाई गुडाखू लावत असेल तर मूल कमी वजनाचं होण्याचा धोका असतो, हे त्यांना बाईनेच सांगितलेलं बरं.

मी इथे काय केलं ते सांगतो, यश म्हणून नाही, तुला उपयोग होईल म्हणून. साडेदहाला आणि चारला सगळ्यांना चहाची सुटी, पूर्ण पगारी, भोंगा वाजवून. सोबत फुटाणे आणि गूळ. थंड पाण्याचे कॅम्पर दर मजल्यावर. आमच्या बिल्डरने आधी कपाळाला हात लावला, "सगळे एकदम थांबले तर काम कोण करेल?" मी म्हटलं, एकेक करून दिवसभर थांबतात, त्यापेक्षा हे परवडलं. काम मागे पडलेलं नाही, तो आता गप्प आहे. खर्रा बंद झाला का? नाही. जुने खाणारे चहा पिऊन त्यावर खातात. पण नवीन येणाऱ्याला बसायला आता पुडी लागत नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

जे सोडतात त्यांचे पहिले काही दिवस वाईट जातात, डोकं दुखतं, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. त्या दिवसांत माणसाला परांचीवर चढवू नये, खालीच रेती चाळायला, सिमेंटचा मसाला कालवायला ठेवावं. हे कुठल्याही पत्रकात मी वाचलेलं नाही, पण तू सुपरवायझर लोकांसाठी वेगळा कागद काढणार असशील तर हे पहिल्या ओळीत टाक.

मदतीची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, ती पोस्टरवर सिगारेटच्या जागी मोठ्या अक्षरांत छाप. मजकूर हिंदीतही हवा. आणि जमलं तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीचं टेबल लाव. नोंदणी असली तर गंभीर आजारात मंडळाकडून १ लाखापर्यंत मदत मिळते, पण त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि सही करायची वेळ आली की ठेकेदार फोन उचलत नाही. कंपनीच्या माणसाने समोर उभं राहून मागितला तर देतात, हा माझा अनुभव आहे.

पथनाट्य नको. त्या पैशात दातांचे दोन डॉक्टर, त्यातली एक बाई, आणि एक टॉर्च घेऊन ये. ३१ तारखेचा हट्टही सोड, खर्चीच्या दिवशी ये. त्या दिवशी एकही माणूस साइट सोडून जात नाही, आणि पैसे वाटायच्या आधी रांगेत तोंड तपासून घ्यायला कोणी नाही म्हणणार नाही. तपासणी मात्र टिनाच्या शेडमध्ये आडोशाला कर, सगळ्यांसमोर तोंड उघडून दाखवायला या लोकांना लाज वाटते. संशय आला त्याची पुढची दोन हाजरी तुमची कंपनी भरणार का, एवढं साहेबाला विचारून मला कळव. नाही म्हणाला तर तपासून तरी काय करायचं?

फोन रात्री नवानंतर कर, दिवसा मिक्सर चालू असतो. वहिनींना नमस्कार, पोराला संत्रा बर्फी पाठवतो आहे.

तुझाच,
बाल्या