सरवटे बसस्थानकासमोरील दुकानदार काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये अशी आपली अट असल्यामुळे हे पत्र बिननावाचे लिहावे लागत आहे. परंतु बसस्थानकाच्या परिसरात सायंकाळचा वर्ग चालवणाऱ्या आम्हा इंदूरच्या रामबागेतील मंडळींना आपले आभार उघडपणे मानल्यावाचून राहवत नाही.

रस्त्यावरच्या मुलांना काय हवे असे विचारले की जेवण, कपडे, शाळा ही उत्तरे कोणीही देईल. वस्तू ठेवायला जागा हवी, हे क्वचितच कोणाला सुचते. पुठ्ठा अंथरून झोपणाऱ्या मुलाची चप्पलसुद्धा सकाळपर्यंत टिकेल याची शाश्वती नसते, तिथे दप्तराची काय कथा! पन्नी आणि बाटल्या वेचून मिळालेले पैसे रात्री मोठी पोरे हिसकावून घेतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वी ते उडवून टाकणे हाच त्यांच्या लेखी शहाणपणा ठरतो, आणि मग गुटखा व नशेसाठी हुंगायचे पंक्चर जोडण्याचे सोल्युशन यांची वाट सोपी होते. त्यांना उधळे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आपण वजनकाट्यामागची एक फळी रिकामी करून दिलीत. तिथे बिस्किटांचे रिकामे डबे मांडलेत, आणि अक्षरओळख नसलेल्यांच्या डब्यांवर खडूने पोपट, पतंग, होडी अशी चित्रे काढून दिलीत. पैसे मुलाच्या देखत मोजायचे, वहीत लिहायचे आणि त्याने मागितले की कारण न विचारता परत द्यायचे, हा आपला नियम. त्यातले कारण न विचारणे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते, कारण स्वतःच्या कमाईवर आपला हक्क आहे हे या मुलांना तोवर कोणी जाणवूच दिले नव्हते. मुले वजाबाकी आमच्या वर्गात शिकली त्याहून लवकर आपल्या वहीत शिकली, हेही प्रांजळपणे नोंदवतो. आता डब्यांवर त्यांनी स्वहस्ते लिहिलेली नावे आहेत. पोपटवाल्याने मात्र अजून पोपट पुसू दिलेला नाही.

पावसाळ्यात रात्रीच्या बसमधून एकटाच उतरलेला लहानगा मुलांनीच आपल्याकडे आणला, तेव्हा आपण १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करून थांबला नाहीत. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे, असे बाल न्याय अधिनियम, २०१५ सांगतो. पण त्या तासांमध्ये त्या मुलाजवळ कोणी बसावे, हे कोणत्या कलमात लिहिणार? आपण दुकान बंद ठेवून बसलात. शिवाय त्याला घरी धाडण्याची घाई केली नाहीत, कारण काही मुले ज्यापासून पळतात ते घरच असते, हे आपण त्याच्या पाठीवरचे वळ पाहून ओळखले होते.

शाळाप्रवेशाच्या वेळी एका शाळेत जन्मदाखल्यावरून अडवणूक झाली. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, अशी तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. आम्ही कायद्याची प्रत घेऊन गेलो होतो. काम झाले ते मात्र आपण पालकाच्या रकान्याशेजारी स्वतःचा मोबाइल क्रमांक लिहून दिल्यावर.

१ जानेवारी २०२५ पासून इंदुरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश लागू झाला. लहान मुलांना पुढे करून चालणारा धंदा थांबावा, याबद्दल दुमत नाही. मात्र सिग्नलवरून दिसेनासे झालेले मूल रात्री कुठे टेकते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. ज्या तात्यासाहेब सरवट्यांचे नाव या स्थानकाला आहे, त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी याच शहरात बालशिक्षणासाठी आयुष्य वेचले. त्याच नावाच्या फलकाखाली मुले उघड्यावर निजतात, हे आम्हा मराठी इंदुरकरांना अधिक टोचायला हवे.

पुढील महिन्यात आपल्या डोळ्याची शस्त्रक्रिया असल्याचे कळले. तेवढे दिवस सायंकाळी फळीवर बसण्याची जबाबदारी वर्गातील दोघी शिक्षिकांनी घेतली आहे. वही आणि कुलपाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे द्यावी. नियम आपलेच राहतील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
सायंवर्गाची एक शिक्षिका, इंदूर