यंत्रमाग कामगारांच्या मुलामुलींच्या अभियांत्रिकी व संगणक शिक्षणासाठी बिनव्याजी निधी : एक आवाहन

मालेगाव शहर व परिसरातील नागरिकांना, तसेच नोकरी-व्यवसायानिमित्त बाहेरगावी स्थायिक झालेल्या मालेगावकरांना आमच्या शिक्षण साहाय्य समितीतर्फे सविनय नमस्कार आणि सलाम.

सीईटीचा निकाल लागला की समितीकडे मुलांची व पालकांची ये-जा सुरू होते. यांतील बहुतेकांचे वडील दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतात. मजुरी विणलेल्या कापडावर ठरते आणि आठवड्याने हाती पडते. सूत महागले किंवा मंदी आली आणि माग थांबले, तर त्या आठवड्यात घरात काहीच येत नाही. मजुरीची पावती नसल्यामुळे उत्पन्नाचा दाखला काढण्यासाठीही तलाठी व तहसील कार्यालयात खेटे घालावे लागतात, आणि त्या प्रत्येक खेपेला एका पाळीची मजुरी बुडते.

शासनाच्या योजना नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला 8 लाख रुपयांच्या आत असल्यास गुणवत्तेनुसार मिळणाऱ्या 5 टक्के अधिसंख्य (मंजूर जागांव्यतिरिक्तच्या) जागांवर शिकवणी शुल्क माफ असते. याच उत्पन्नमर्यादेतील मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची वर्षाला 50,000 रुपयांची प्रगती शिष्यवृत्ती आहे, शिवाय राज्याच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरता येतो. अडचण वेळेची आहे. कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीत जागा मिळाल्यावर थोड्याच दिवसांत महाविद्यालयात हजर होऊन पैसे भरावे लागतात, नाहीतर जागा हातची जाते. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र खात्यात जमा होईपर्यंत अनेकदा वर्ष सरत आलेले असते. मधल्या काळात वसतिगृह, खानावळ, परीक्षा शुल्क आणि पुस्तके यांचा खर्च कोणासाठी थांबत नाही. तारणाशिवाय मिळणारे बँकेचे शैक्षणिक कर्ज हा मार्ग आम्ही सुचवतो, पण व्याजाचा व्यवहार नको म्हणणारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या श्रद्धेशी वाद घालणे हे आमचे काम नव्हे.

म्हणून समिती ‘कर्जे हसना’ (बिनव्याजी कर्ज) या सर्वांच्या परिचयाच्या पद्धतीने एक फिरता निधी उभारत आहे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला बिनव्याजी रक्कम द्यायची, शिष्यवृत्ती जमा झाली की ती परत घ्यायची आणि पुढच्या विद्यार्थ्याला द्यायची, अशी ही व्यवस्था राहील. शिष्यवृत्ती नामंजूर झाली तर नोकरी लागेपर्यंत परतफेडीचा तगादा लावला जाणार नाही. जकातीची (इस्लाममधील अनिवार्य दानाची) रक्कम या निधीत मिसळली जाणार नाही. तिचा हिशेब वेगळा राहील आणि ती केवळ पात्र विद्यार्थ्याला, परतफेडीच्या अटीविना, थेट दिली जाईल. देणगी देताना ती जकात आहे की सर्वसाधारण मदत, एवढे कृपया आवर्जून सांगावे.

पैशांखेरीज आम्हाला लॅपटॉप हवे आहेत. संगणक शाखेची मुले फोनच्या पडद्यावर प्रोग्रॅम लिहिण्याचा प्रयत्न करतात, हे पाहवत नाही. आपल्या कार्यालयातील किंवा घरातील जुना पण चालू लॅपटॉप, शक्यतो 8 जीबी रॅमचा, द्यावा. किरकोळ दुरुस्ती समिती करून घेईल.

दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलाला गणित येत असते, पण इंग्रजीतला प्रश्न उलगडेपर्यंत पेपरची वेळ संपते, आणि पहिल्या वर्षी विषय राहतात ते बहुधा यामुळे. आमच्या मते हा अडसर पैशांपेक्षा मोठा आहे. आपल्यापैकी जे अभियंते किंवा प्राध्यापक आहेत, त्यांनी आठवड्यातून एक तास, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर, पहिल्या वर्षाचे गणित व प्रोग्रॅमिंग उर्दू-मराठीच्या आधाराने समजावून दिले, तर त्याचे मोल देणगीइतकेच आहे. मुलींना वसतिगृहात ठेवायला अनेक पालक तयार होत नाहीत. त्या धुळ्याला एसटीने रोज ये-जा करतात. 2023 पासून महिलांना निम्मे भाडे झाल्याने थोडा दिलासा मिळाला असला, तरी अभ्यासाचा वेळ प्रवासातच जातो. त्यांच्यासाठी हा तास रात्री ठेवावा, अशी विनंती आहे.

देणगी 500 रुपयांपासून स्वीकारली जाईल, प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि जमाखर्च दर सहा महिन्यांनी कार्यालयाच्या फलकावर लावला जाईल. त्यात विद्यार्थ्यांची नावे नसतील. शुक्रवारी कारखाने बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर समितीचे सदस्य देणगी स्वीकारण्यासाठी आणि अर्ज भरून देण्यासाठी कार्यालयात उपस्थित राहतील. पालकांनी येताना शिधापत्रिका, आधार कार्ड आणि मुलाच्या बँक खात्याचे पासबुक सोबत आणावे.